शेजारणीचं दुखणं

माझं काम बायकांना प्रश्न विचारण्याचं. साठी ओलांडलेल्या बायकांना. गुडघे कसे आहेत, झोप लागते का, वर्षभरात कधी पडलात का, पडलात तर कुणाच्या कानावर घातलंत का. पंचवीस वर्षं मी हेच करते आहे. ताई म्हणायची, "नसत्या चौकश्या करायचा पगार मिळतो तुला. आम्ही आयुष्यभर फुकट केल्या!"

ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. गणवेश शिवायच्या कारखान्यात ती कॉलर लावायच्या मशिनीवर होती. हात इतका बसलेला, की शेजारणीशी गप्पा मारता मारता, खाली न बघता कॉलर बसवायची. ती अडतीस वर्षांची असताना आईला अर्धांगाचा झटका आला. मी तेव्हा पंचविशीत होते आणि दुसऱ्या शहरात संशोधनासाठी मला नुकताच प्रवेश मिळाला होता.

आईचं कोण करणार, हे आम्ही बसून ठरवलं असं काही झालंच नाही. ताईने आपल्या बाहेरच्या खोलीत खाट टाकली, कारखान्यात राजीनामा दिला आणि मला म्हणाली, "तू जा गं. एका म्हातारीपाशी दोघींनी बसून काय करायचंय?" मी गेले. जाताना वाईट वाटलं, पण ते गाडी सुटेपर्यंतच.

आई अकरा वर्षं अंथरुणावर होती. अंगाने भरलेली बाई. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत खाटेवर, दिवसातून सहा-सात वेळा ताई तिला उचलायची. भावजींची नोकरी पाळीची आणि मुलगा शाळेत. मी सुट्टीत यायचे, चार दिवस हातभार लावायचे आणि कंबर धरून परत जायचे. "तू कशी गं करतेस हे?" असं एकदा मी तिला म्हणाले होते. ती म्हणाली, "सवय होते." तेवढ्या उत्तरावर माझं समाधान झालं.

आई गेली. पुढे काही वर्षांनी भावजी गेले. भाचा नोकरीनिमित्त परदेशात स्थायिक झाला. ताई दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. मी तोवर तिच्याच शहरात, विद्यापीठात नोकरीला आले होते. दर दुसऱ्या रविवारी मी तिच्याकडे जायचे. फळं न्यायचे, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायचे, तासभर बसायचे.

मी प्रवासाला चल म्हटलं की ती नको म्हणायची. नाटकाला चल म्हटलं की नको. माझ्या कामाला एक मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा समारंभ तीन तासांच्या अंतरावर होता. ती म्हणाली, "कोण तीन तास बसणार गाडीत! तू ये नि मला दाखव." मी महिनाभर रुसले होते. घरकोंबडी म्हणायचे मी तिला. ती हसायची. घरात कोच होता, पण ती कायम लाकडी खुर्चीवर बसायची आणि खुर्चीवर घडी केलेला टॉवेल असायचा. ते मी शेकडो वेळा पाहिलं असेल. पाहिलं, इतकंच.

त्या समारंभात मी भाषण केलं. म्हणाले, "माझ्या बहिणीने आमच्या आईला अकरा वर्षं सांभाळलं. तिच्यामुळे मला हा विषय सुचला." टाळ्या पडल्या. विषय असा होता: घरातल्या आजारी माणसाला वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या बायकांचं म्हातारपणी काय होतं? ज्यांनी त्यासाठी नोकरी सोडली, ज्यांना पेन्शन नाही, ज्यांच्या हाडांची, कंबरेची, पोटाची वाट लागली, त्यांचं पुढे कोण बघतं? सरकारी आकड्यांत या बायका 'काही न करणाऱ्या' अशा रकान्यात असतात. त्यांना तिथून बाहेर काढायचं, ही माझी धडपड होती. ती खरी होती. मी ढोंगी नव्हते, एवढं मला आजही वाटतं.

गेल्या वर्षी आम्ही मोठी पाहणी हाती घेतली. महापालिकेच्या यादीतून संगणकाने घरं निवडली. सहाशे अडतीस बायका. घरोघर जाऊन बोलायला आम्ही आठ जणी नेमल्या. त्यांतल्या सगळ्यांत चांगल्या होत्या पोस्टबाई. तीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीवर काढून निवृत्त झालेल्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना पोस्टबाई म्हणायचो. समोरच्याला बोलतं करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या स्वतः म्हणायच्या, "मॅडम, मी काही विशेष करत नाही. मी घाई करत नाही. खिडकीवर आयुष्यभर घाई केली, आता पुरे."

फॉर्ममध्ये नऊ भाग होते. सहावा भाग अवघड. लघवीवर ताबा न राहणं, गर्भाशय खाली सरकून अंग बाहेर येणं, अशा तक्रारींचा. बायका त्यावर तोंड उघडत नाहीत. म्हणून आम्ही चित्रांची कार्डं केली होती, नुसतं बोट ठेवलं तरी चालायचं. प्रशिक्षणात मी सगळ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. "एखादी बाई म्हणाली, की माझ्या शेजारणीला असा त्रास आहे, तर पेन खाली ठेवा. काही विचारू नका. थांबा. शेजारीण कुठे लांब नसते, समोरच बसलेली असते." सगळ्या हसल्या होत्या. पोस्टबाईंनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

नावं एका कपाटात आणि उत्तरं दुसऱ्यात, अशी व्यवस्था होती. नावांच्या कपाटाची किल्ली कार्यालयातल्या लेखनिकाकडे. मला फक्त क्रमांक दिसायचे. हा नियम मीच केला होता.

एका मंगळवारी दुपारी मी टाइप होऊन आलेली उत्तरं वाचत बसले होते. बायकांनी आपल्या शब्दांत जे सांगितलं, ते वाचून त्याचे गट पाडायचे होते. चहा टेबलावर निवत होता. दोनशे बारा क्रमांक. वय सत्तर. एकटी राहते. आईला सांभाळलं, अकरा वर्षं. अकरा वर्षंवाल्या पुष्कळ असतात, मी पुढे गेले. सहाव्या भागात तिने तीन कार्डांवर बोट ठेवलं होतं. अंग बाहेर येतं, वीस वर्षांच्या वर झाली. चालताना हाताने आत सारावं लागतं. टॉवेल ठेवल्याशिवाय बसता येत नाही. बाहेर जाणं बंद केलं.

पुढचा प्रश्न होता, 'याबद्दल कधी कुणाची मदत मागितलीत का?' उत्तर पोस्टबाईंनी तिच्याच शब्दांत उतरवलं होतं:

'एकदा घरातल्या एकीला विचारलं होतं. ती शिकलेली आहे, याच कामात आहे. शेजारणीसाठी चांगली डॉक्टरीण सुचव म्हटलं. तिने पिशवीतून छापील कागद काढून दिला. म्हणाली, शेजारणीला वाचायला दे. मग तिचा फोन वाजला.'

मी ते वाचलं आणि ताईचं स्वयंपाकघर माझ्यापुढे उभं राहिलं. अठरा वर्षांपूर्वीचं. ती ओट्याशी पाठमोरी उभी, बटाटे सोलत होती. "तुझ्या ओळखीची कुणी चांगली डॉक्टरीण आहे का गं? शेजारणीला हवी होती. बायकांचं काहीतरी आहे तिचं." मी विचारलंसुद्धा नाही, की कुठली शेजारीण. पिशवीत आमच्या विभागाची नवी माहितीपत्रकं होती, अजून छपाईचा वास येत असलेली. मी मोठ्या कौतुकाने एक काढून दिलं. तिने हात पुसून ते घेतलं. मग माझा फोन वाजला, तो मी गॅलरीत जाऊन घेतला आणि परत आले तेव्हा ती भाच्याच्या परीक्षेबद्दल बोलायला लागली.

त्या फोनवर कोण होतं, ते मला आज आठवत नाही.

मंगळवारी मी काय करायला हवं होतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. तो फॉर्म बाजूला ठेवून विद्यापीठाच्या नीतिसमितीला कळवायचं, की यातली बाई माझ्या ओळखीची निघाली, हे दुसऱ्या कुणाकडे द्या. आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. असं वागायला मी विद्यार्थ्यांना शिकवते. पण मी दार लावून घेतलं, स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीला फोन केला आणि गुरुवारची वेळ घेतली. बुधवारी, रविवारची वाट न बघता, ताईच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आज कशी काय?" ताईने दार उघडत विचारलं. "बरं आहे ना सगळं?"

"सहज आले."

"तू आणि सहज!" ती हसली. चहा टाकायला वळली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. कसं बोलायचं, हे मी बसमध्ये घोकलं होतं. सगळं विसरले. "ताई, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. माझी मैत्रीण आहे. फार चांगली आहे. तपासून घेऊ."

"मला काय धाड भरलीय?"

"तुला त्रास होतो. मला माहीत आहे. खालचा."

ताईने गॅस बारीक केला. वळली. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला कळतं ना. तू बसतेस कशी, टॉवेल ठेवतेस..."

"वीस वर्षं मी अशीच बसते आहे," ताई म्हणाली. "तुला आज कळलं?"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिला सगळं उमगलं हे मला दिसलं. तिचं तोंड एकदम उतरलं.

"वाचलंस तू."

"ताई, नाव नव्हतं त्यावर. पण ते शेजारणीचं..."

"ती बाई म्हणाली होती, नाव कुणाला कळणार नाही. मी तीनदा विचारलं तिला. बिचारीने शपथ घेतली."

"त्यांची चूक नाही. माझी आहे."

"मग इथे कशाला आलीस?"

"कशाला म्हणजे? तू बरी व्हावीस म्हणून!"

चहा उतू गेला. दोघींपैकी कुणी हात पुढे केला नाही. मग ताईनेच शांतपणे गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "त्या बाईच्या फॉर्मवर वर तुझं नाव होतं. मी बघितलं होतं. तरी हो म्हटलं मी तिला. का, सांगू? मला वाटलं, हे तुझ्यापर्यंत जाईल, पण मी नाही जाणार. ज्यांची नावं तुला माहीत नसतात, त्यांचं तू फार नीट ऐकतेस गं छोटे. तुझी भाषणं ऐकलीत मी, फोनवर पाठवतो ना तुझा भाचा. मला वाटलं, आपलंही एकदा तसं ऐकलं जावं."

"मग आता ऐकते ना. उद्या चल."

"आता तू मला घाबरून ऐकतेस. स्वतःला टोचतंय म्हणून." तिने फडकं पिळून दांडीवर टाकलं. "माझा कागद काढून टाक तुझ्या गठ्ठ्यातून. मला हक्क आहे, ती बाई म्हणाली होती. कधीही काढून घेता येतो."

"काढते. पण दवाखान्यात..."

"तुझ्याबरोबर नाही."

तिने चहा गाळून मला दिला. मी प्यायले. एवढं होऊनही ती मला चहा दिल्याशिवाय सोडणार नव्हती आणि मी तो नाकारणार नव्हते, अशा आम्ही बहिणी.

दोनशे बारा क्रमांकाचा फॉर्म मी लेखनिकाकडून नष्ट करवून घेतला. समितीला स्वतःहून सगळं लिहून कळवलं. त्यांनी मला ठपक्याचं पत्र दिलं आणि उत्तरं वाचायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. योग्यच केलं. पोस्टबाईंना मी बोलावून घेतलं आणि काय झालं ते सांगितलं.

"मॅडम, त्या ताई मला म्हणाल्या होत्या, की तुम्ही पहिल्याच आहात ज्यांना मी हे बोलले. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, किती हलकं वाटलं." मग त्या म्हणाल्या, "मी जाऊन माफी मागून येऊ का त्यांची?"

"तुम्ही कशाला? चूक माझी."

"खोटं मी बोलले ना त्यांच्याशी. तुमच्या भरवशावर."

त्या गेल्या. काय बोलणं झालं, ते मला ना त्यांनी सांगितलं ना ताईने. मला एवढंच कळलं, की पुढच्या महिन्यात ताई दवाखान्यात गेली, पोस्टबाईंबरोबर. माझ्या मैत्रिणीकडे नाही, दुसऱ्याच डॉक्टरकडे. हे मला ताईने दोन रविवारांनंतर, पेरू कापता कापता सांगितलं. ऑपरेशन करता येणार नाही म्हणाले. हृदय कमजोर झालंय, भूल झेपायची नाही. अंग वर धरून ठेवायला आत रिंग बसवून दिलीय, दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं.

"पन्नाशीत आला असतात तर अर्ध्या तासाचं काम होतं, असं म्हणाल्या डॉक्टरीणबाई," ताई म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

रिंगेने तिला बराच आराम पडला. ती रोज सकाळी बागेपर्यंत चालत जाऊ लागली. कोचावर बसायला लागली. पोस्टबाईंबरोबर एक नाटक बघून आली, तेही मला नाटक कसं होतं हे सांगताना कळलं. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलायची: हवा, भाचा, गोळ्या. काही विचारलं की म्हणायची, "ठीक आहे." आमच्या सहाशे सदतीस बायकांपैकी बहुतेकींनी घरच्यांना हेच उत्तर दिल्याचं मी स्वतः मोजलं होतं.

पाहणीचे निष्कर्ष मांडायला मी मोठ्या परिषदेत गेले. दर दहा बायकांमागे चौघींना सहाव्या भागातली तक्रार होती आणि त्यांनी ती सरासरी चौदा वर्षं अंगावर काढली होती. सभागृह भरलेलं होतं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका तरुण डॉक्टरने विचारलं, "घरात इतकी शिकलेली माणसं असताना या बायका घरच्यांशी का बोलत नाहीत?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. लाज, वेळेचा अभाव, आपल्या दुखण्याला शेवटचा क्रमांक देण्याची सवय. मी ते दिलं. त्याने मान हलवून लिहून घेतलं. त्या बोलतात, आपण कागद काढून देतो, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. पोस्टबाईंना ताप होता आणि तिची तपासणीची तारीख चुकवायची नव्हती. "तुला वेळ असेल तर ये. नुसतं बाहेर बसायचंय."

मी विभागाची बैठक पुढे ढकलून गेले. दवाखान्याच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. परिचारिकेने तिला हाक मारली, मग मला म्हणाली, "तुम्ही सोबत आहात का? आत येऊ शकता."

"बहीण आहे," ताई म्हणाली. "बाहेरच बसेल ती."

दार लागलं. मी पाऊण तास बसले. भिंतीवर आमच्याच विभागाचं एक पत्रक चिकटवलेलं होतं, कोपरे वळलेलं. आतून एकदा ताईच्या हसण्याचा आवाज आला, मोठ्याने, मशिनीवर असताना हसायची तसा. डॉक्टरीण काय बोलली असेल? मला विचारावंसं वाटलं, मी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "सगळं व्यवस्थित आहे." आम्ही बसथांब्याकडे निघालो. ऊन होतं, पण फार नाही. तिची पिशवी मी घेतली होती. ती पूर्वीपेक्षा ताठ चालत होती आणि मला तिच्या चालीशी चाल जुळवायला जरा भरभर पाय उचलावे लागत होते.

"ताई," मी म्हणाले, "माझं चुकलं गं."

ती थांबली नाही. चालता चालताच, खरोखर माहीत करून घ्यायचं असावं तसं तिने विचारलं, "कधी?"

माझ्या डोक्यात फॉर्म होता. त्याबद्दल बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं. मग मला तो बटाट्यांचा दिवस आठवला. त्याच्याही आधीची ती गाडी आठवली, आणि मधली सगळी वर्षं, दर दुसरा रविवार. यातलं कुठलं सांगायचं, ते मला ठरवता येईना.

ताईने थांब्यापर्यंत वाट पाहिली. मग बस आली आणि तिने मला हाताने पुढे केलं, "चढ आधी, मला वेळ लागतो."